स्वतंत्र फोक रॉक बँड: लोकगीतांचे संयोजन, श्रेय आणि पहिला अल्बम

अनाहत

आमचा पाच जणांचा फोक रॉक, म्हणजे लोकगीते रॉकच्या वाद्यमेळात वाजवणारा, बँड आहे. गायन, अकूस्टिक गिटार, बेस, ड्रम्स आणि व्हायोलिन एवढाच आमचा वाद्यमेळ असून त्यातले व्हायोलिन मी वाजवते. आमची साधारण निम्मी गाणी पारंपरिक आहेत. ती आमच्या गायिकेने वयस्कर लोकगायकांसमोर बसून, त्यांच्या तोंडून ऐकून शिकून घेतली आहेत. उरलेली गाणी तालमीत सगळ्यांनी मिळून घडवलेली आहेत. छोटे कार्यक्रम मिळू लागले आहेत, कार्यक्रमानंतर श्रोते ही गाणी कुठे ऐकायला मिळतील असे विचारतात, आणि त्यामुळे पहिला अल्बम करायचे आम्ही निश्चित केले आहे. मात्र अल्बमचा विषय निघाल्यापासून आजवर कधी न बोललेल्या गोष्टी बोलणे भाग पडले आहे.

सर्वांत अवघड प्रश्न संगीताचाच आहे. एका पारंपरिक गाण्यात ध्रुवपदाचे शेवटचे अक्षर गायिका श्वास पुरेल तोवर लांबवते. कधी ते दोन मात्रांनी वाढते, कधी तीन. ज्यांच्याकडून ती हे गाणे शिकली तेही असेच गात. ड्रमर चार मात्रांच्या हिशेबाने समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तेव्हा ती अजून मागच्याच अक्षरावर असते. तिला मात्रा मोजून गायला लावले की सगळे नेटके बसते, पण गाणे निष्प्राण होते. तिला मोकळे सोडले की ड्रम्स आणि बेस अडखळतात. दोन्ही गोष्टी सांभाळता येतात का?

दुसरा प्रश्न श्रेयाचा आहे. पारंपरिक गाण्यावर रचनाकार म्हणून कोणाचे नाव घालायचे आणि त्यातून पैसे आलेच तर ते कसे वाटायचे, यावर आमच्यात एकवाक्यता नाही. शिवाय एका लहान ध्वनिमुद्रण कंपनीने अल्बमचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे, परंतु त्या बदल्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क तिला हवे आहेत. दोघे जण यासाठी राजी आहेत, मला मात्र ते पटत नाही. ज्यांनी या वाटेने प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खर्ज

मी बेस वाजवतो आणि संयोजनाचे कामही करतो, त्यामुळे केवळ संगीताच्या प्रश्नापुरते उत्तर देतो.

तुम्ही सांगितलेले ते लांबलेले अक्षर म्हणजे फोक रॉकचा मूळ पेच आहे. साथीशिवाय एकट्याने गाणाऱ्या लोकगायकाच्या गाण्यात ओळीची लांबी शब्द आणि श्वास ठरवतात. रॉकमध्ये ती ड्रम्स ठरवतात. या दोहोंपैकी कोणी नमते घ्यायचे याचा निर्णय बँडने दर गाण्यागणिक करायचा असतो आणि तो जाणीवपूर्वक करायचा असतो. पारंपरिक गाण्यापुरते माझे मत असे आहे की पुढे शब्द आणि चाल यांनी चालावे आणि तालवाद्यांनी त्यांना सोबत करावी. त्यासाठी ड्रमरने त्या गाण्याचे सगळे शब्द पाठ केले पाहिजेत. शब्द पाठ असलेला ड्रमर मात्रा मोजत बसत नाही. लांबलेल्या अक्षरावर तो झांजेवर हलका नाद धरून ठेवतो, बेस षड्जावर थांबतो, आणि गायिकेने पुढच्या ओळीचा पहिला शब्द उच्चारला की सगळे एकदम त्या शब्दावर उतरतात. श्रोत्याला ती सम चुकल्यासारखी वाटत नाही, उलट तिची ओढ लागते. ध्वनिमुद्रणाच्या वेळीही हे गाणे क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर) न घेता पाचही जणांनी एकत्र वाजवून घ्यावे, कारण क्लिक लावला की तोच जुना पेच पुन्हा उभा राहील.

दुसरा मार्गही प्रामाणिक आहे आणि त्याला मोठी परंपरा आहे. 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘द बर्ड्स’ या बँडने बॉब डिलन यांचे एक लांबलचक गाणे घेतले, त्याचे एकच कडवे आणि ध्रुवपद ठेवले, त्याला चाराच्या सरळ ठेक्यावर बसवले आणि रॉजर मॅग्विन यांच्या बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर ते उभे केले. फोक रॉक ही संज्ञा रूढ झाली ती त्याच वर्षी. तिथे गाण्याने ठेक्याशी जुळवून घेतले आणि तरीही नवे काही निर्माण झाले. याउलट इंग्लंडमधील ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ने 1969 च्या अखेरीस काढलेल्या अल्बममध्ये जुन्या कथागीतांची लांबी आणि त्यांचा कथनाचा ओघ जपला. त्या वर्षीच्या मे महिन्यात बँडच्या गाडीला अपघात होऊन त्यांचा तरुण ड्रमर मार्टिन लॅम्बल दगावला होता. त्यानंतर उरलेली मंडळी हॅम्पशरमधील एका खेड्यातल्या घरात एकत्र राहिली. व्हायोलिनसाठी लोकसंगीतात मुरलेले डेव्ह स्वॉर्ब्रिक आले, ड्रम्सवर नृत्यवाद्यवृंदांचा अनुभव असलेले डेव्ह मॅटॅक्स आले, आणि बेसवादक अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीत केंद्राच्या ग्रंथालयातून जुनी कथागीते शोधून आणू लागले. मॅटॅक्स यांचे वादन मुद्दाम ऐका. कथा पुढे सरकत असताना ते किती कमी वाजवतात आणि कुठे नेमके वजन टाकतात हे तुमच्या ड्रमरने ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरांबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण नव्या बँडच्या गाण्यांत ती मला वारंवार खटकते. पुष्कळ लोकचालींत निषाद (नी) कोमल असतो. गिटारवादक सवयीने पंचमावरचा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर) वाजवतो आणि त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो. मग चालीतला कोमल निषाद आणि साथीतला शुद्ध निषाद एकमेकांशी भांडू लागतात, आणि काही काळाने गायिकाही नकळत शुद्ध निषाद लावू लागते. चाल बदलली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी पंचमावर केवळ षड्ज-पंचम भावाचे दोन सूर (पंचम आणि रिषभ) वाजवावेत, किंवा सरळ कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड घ्यावा. गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या तर मोकळ्या तारांचा आधार तंबोऱ्यासारखा मिळतो आणि कॉर्डची गर्दी आपोआप कमी होते. ही जुळणी इंग्लंडमध्ये डेव्ही ग्रॅहम यांनी 1960 च्या दशकात रूढ केली.

मंचावरचा मुद्दा थोडक्यात. व्हायोलिनची सर्वांत खालची तार 196 हर्ट्झवर असते, त्यामुळे ध्वनिमिश्रकावरील तुमच्या वाहिनीवर 150 हर्ट्झखालचे सगळे निःशंकपणे कापून टाकायला सांगा. ड्रम्स आणि बेसचा जो घुमारा व्हायोलिनवरच्या पिकअपमधून (नाद टिपणाऱ्या उपकरणातून) आत येतो तो त्यामुळे बराच आटोक्यात येतो. अकूस्टिक गिटारच्या छिद्राला रबरी झाकण लावले की फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज पुन्हा आत शिरून होणाऱ्या किंचाळीचा) त्रासही पुष्कळ कमी होतो.

पडघम

संगीताबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी श्रेय आणि हक्कांबद्दल लिहितो, कारण बहुतेक बँडचे घोडे इथेच पेंड खाते.

गाणे, त्याचे संयोजन आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची मालकीही निरनिराळी असू शकते, हे आधी पाचही जणांनी नीट समजून घ्यावे. पारंपरिक गाण्याची मूळ चाल आणि शब्द कोणाच्याच मालकीचे नसतात. ते कोणीही गाऊ शकतो. परंतु तुम्ही त्यावर केलेले संयोजन पुरेसे स्वतंत्र असेल तर बहुतेक देशांत त्याला स्वतःचे संरक्षण मिळते, आणि अशा संयोजनाला किती हिस्सा द्यायचा याचे नियम मानधन गोळा करून वाटणाऱ्या प्रत्येक हक्कसंस्थेचे वेगळे असतात. म्हणून नोंद ‘पारंपरिक, संयोजन अमुक’ अशी करतात. या ‘अमुक’च्या जागी काय लिहायचे यावरून मैत्री तुटल्याची उदाहरणे आहेत. 1964 मध्ये ‘द अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश बँडने एक पारंपरिक गाणे वाजवले आणि ते जगभर गाजले. संयोजन पाचही जणांचे होते, पण नोंद मात्र एकट्या ऑर्गनवादक अ‍ॅलन प्राइस यांच्या नावावर झाली आणि त्या श्रेयापोटी येणारे मानधन त्यांनाच मिळत गेले. तबकडीवरच्या लेबलवर सगळी नावे मावणार नाहीत म्हणून एकच नाव दिले गेले, असे बँडमधील इतरांनी पुढे सांगितले आहे. प्राइस यांनी पुढच्याच वर्षी बँड सोडला, आणि श्रेयाची ती कटुता मात्र कित्येक दशके टिकली.

दुसरे उदाहरण बाहेरच्या माणसाकडून शिकण्याचे आहे. इंग्लंडचे लोकगायक मार्टिन कार्थी यांनी एका जुन्या गीताला गिटारची विशिष्ट साथ रचली होती. लंडनमधील मुक्कामात अमेरिकी गायक पॉल सायमन यांनी ती त्यांच्याकडून आत्मसात केली, 1966 मध्ये सायमन आणि गार्फंकल यांच्या अल्बममध्ये ते गीत आले, आणि त्यावर कार्थी यांचा उल्लेखही नव्हता. चाल पारंपरिक होती, त्यामुळे गाण्याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नव्हते. दुखावणारी गोष्ट ती अनुल्लेखाची होती. 2000 मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात दोघांनी हे गीत एकत्र गायले, तेव्हा कुठे तो विषय मिटला.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे जे गाणे आपण पारंपरिक समजतो त्याला कधी कधी एक खराखुरा कर्ता असतो. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांनी 1939 मध्ये स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते अमेरिकेत पोहोचले, तिथल्या लोकसंगीताच्या गायकांनी ते आपले केले, त्याचे नवे इंग्रजी रूप 1961 मध्ये जगभर लोकप्रिय झाले, आणि लिंडा 1962 मध्ये दारिद्र्यातच वारले. त्यांच्या मुलींना योग्य वाटा मिळण्याचा समझोता व्हायला 2006 साल उजाडावे लागले. तेव्हा अल्बममधील प्रत्येक पारंपरिक गाण्याच्या बाबतीत तुमच्या गायिकेने ज्यांच्याकडून ते घेतले त्यांना हे गाणे त्यांना कोणी शिकवले, यातले कोणते कडवे त्यांनी स्वतः जोडले, हे विचारून लिहून ठेवावे. कडवे त्यांचे असेल तर ते पारंपरिक नव्हे; तिथे त्यांचे नाव, त्यांची संमती आणि त्यांचा हिस्सा, तिन्ही आलेच पाहिजे. कडवे त्यांचे नसले तरीही ‘यांच्याकडून मिळालेले गीत’ असा स्पष्ट उल्लेख करावा. कायदा याची सक्ती करीत नसेल, मी मात्र याबाबतीत तडजोड मानत नाही.

आपसातल्या वाटणीबाबत माझा सल्ला असा की पारंपरिक गाण्यांचे संयोजन सरसकट बँडच्या नावाने, पाच समान हिश्श्यांत नोंदवावे. ठेका कोणी सुचवला आणि मधला व्हायोलिनचा तुकडा कोणाचा, याचे मोजमाप करू गेलात तर लोक तालमीत कल्पना मांडताना हिशेब करू लागतात. स्वतःच्या गाण्यांत शब्द आणि चाल यांचा हिस्सा वेगळा ठेवायचा असेल तर प्रत्येक गाणे पुरे झाले त्याच आठवड्यात एका कागदावर नावे आणि टक्केवारी लिहून पाचही जणांनी सही करावी. अल्बम बाहेर आल्यानंतर हे काम फार जड जाते. बँडच्या नावाची मालकी कोणाकडे, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

अनाहत

दोघांचेही मनापासून आभार. ड्रमरने शब्द पाठ करण्याची कल्पना आम्ही तालमीत करून पाहिली. तो ओठांतल्या ओठांत गात वाजवू लागला आणि ध्रुवपदाच्या त्या अक्षरापाशी पहिल्यांदाच कोणी घाईने पुढे गेले नाही. गायिकेकडून ज्या आजीबाईंचे गाणे आले आहे त्यांच्याकडे कडव्यांची चौकशी करायला ती जाणार आहे.

कंपनीच्या प्रस्तावाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. त्याला जोडून आणखी एक काळजी आहे. आमची गायिका पुढील शिक्षणासाठी दूर जाण्याची शक्यता आहे. निम्मी गाणी तिच्याच शिदोरीतून आलेली असताना ती गेली तर बँड टिकेल का, या विचाराने सगळेच अस्वस्थ आहोत.

मुशाफिर

मी अनेक वर्षे स्वतंत्र बँडच्या दौऱ्यांची आणि हिशेबांची कामे पाहतो. आधी कंपनीबद्दल लिहितो.

ध्वनिमुद्रणाचे हक्क कायमचे देऊन टाकणे आणि ठरावीक वर्षांसाठी वापरायला देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनी खर्च करते म्हणजे बहुतेक वेळा ती उचल (आगाऊ रक्कम) देते, आणि ती उचल तुमच्याच हिश्श्यातून वसूल होते. म्हणजे अल्बमचा खर्च अखेरीस तुम्हीच भरता आणि मालकी मात्र तिच्याकडे राहते. त्यामुळे हक्क किती वर्षांनी परत येतील, खर्च वसूल झाल्यानंतर वाटा किती, हिशेब केव्हा आणि कोणत्या स्वरूपात मिळेल, आणि पुढच्या अल्बमवर कंपनीचा आधी हक्क आहे का, एवढ्यांची लेखी उत्तरे मागा. हक्क परत येण्याची तारीख लिहून द्यायला कंपनी तयार नसेल तर सही करू नका. या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या मताचा आहे.

खर्चाची भीती वाटत असेल तर दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने 1979 मध्ये क्रॉप्रेडी या गावी निरोपाचा कार्यक्रम केला, त्याचे ध्वनिमुद्रण काढायला कोणी कंपनी पुढे आली नाही, तेव्हा बेसवादक डेव्ह पेग आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी वुडवर्म ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढून ते प्रकाशित केले. पुढे त्याच गावात दरवर्षी भरू लागलेला महोत्सव हा त्या बँडचा मोठा आधार ठरला. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने 1997 चा आपला अल्बम थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातून केला, आणि 2010 मध्ये तर एका अल्बमची गाणी दरमहा एक या क्रमाने संकेतस्थळावर मोफत दिली. ऐकणारे वाढले तर कार्यक्रम वाढतील, हा त्यामागचा विचार होता. तुमच्यासारख्या पाच जणांच्या बँडला एका चांगल्या सभागृहात, श्रोत्यांसमोर किंवा श्रोत्यांविना, दोन दिवसांत सगळी गाणी एकत्र वाजवून घेता येतील, आणि वर ‘खर्ज’ यांनी सांगितल्याप्रमाणे तुमच्या गाण्यांना तीच पद्धत मानवेल.

स्ट्रीमिंगमधून सुरुवातीला काही मिळेल अशी आशा धरू नका. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादे गाणे बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले गेले नाही तर त्यापोटी ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळतच नाही. गाणी तिथे असावीत, कारण लोक शोधतात ते तिथेच. पण विकत घेणाऱ्यांसाठी बँडकँपसारखी जागाही ठेवा. तिथे डिजिटल विक्रीवर सुरुवातीला 15 टक्के कापले जातात आणि खरेदीदाराने परवानगी दिल्यास त्याचा ईमेल पत्ताही तुम्हाला मिळतो. पत्त्यांची ती यादी नीट जपा, कारण पुढचा कार्यक्रम कुठे ठरवायचा हे तीच सांगते.

आता गायिकेबद्दल. 1972 पर्यंत फेअरपोर्ट कन्व्हेन्शनमध्ये संस्थापकांपैकी एकही जण उरला नव्हता आणि तरीही बँड चालू होता. संस्थापक सायमन निकोल काही वर्षांनी परतही आले. इंडियन ओशनचे अशीम चक्रवर्ती एकाच वेळी तबला वाजवत आणि गात असत. डिसेंबर 2009 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची जागा भरायला गायक आणि तालवादक असे दोघे घ्यावे लागले आणि बँडचा नादही बदलला. बँड टिकतात, पण जाणाऱ्याची हुबेहूब नक्कल शोधणारे बँड टिकलेले मी पाहिलेले नाहीत. नवी गायिका आली तर तिच्या पट्टीप्रमाणे गाण्यांची पट्टी बदला, दोन-चार गाणी सरळ बाजूला ठेवा आणि तिची स्वतःची गाणी आत येऊ द्या.

तोवर दोन कामे हाती घ्या. सध्याच्या गायिकेकडून प्रत्येक पारंपरिक गाणे साथीशिवाय, सगळ्या कडव्यांसह ध्वनिमुद्रित करून घ्या आणि त्यासोबत ते कोणाकडून, कुठे मिळाले याची नोंद ठेवा; तिच्याखेरीज बँडमधल्या आणखी एकाने तरी ती गाणी गळ्यावर चढवावीत. आणि वर सुचवलेल्या सहीच्या कागदात आणखी एक कलम घाला: बाहेर पडणाऱ्या सदस्याचा जुन्या ध्वनिमुद्रणांतील हिस्सा कायम राहील, आधी स्वीकारलेले कार्यक्रम तो पूर्ण करील, आणि नंतर तीच पारंपरिक गाणी त्याला व बँडला, दोघांनाही गाता येतील. ती जाण्याचा निर्णय घेण्याआधीच हे लिहून झाले तर बरे, कारण आज त्या कागदावर कोणाचाच राग नाही.